अक्षर माझं, कागद माझा नाही

मागं उभे आहेत त्यांनी पुढं या. पुढच्या रांगेत जागा आहे. या, या, संकोच करू नका. पुढच्या खुर्च्या रिकाम्या ठेवून माणसं मागं उभी राहिली की तुंगाक्का चिडायच्या, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे.

मंडळी, मोहनअण्णांनी, म्हणजे अक्कांच्या मुलानं, मला सांगितलं की पाच मिनिटं बोल. मी लिहून आणलंय. पण आत्ता कागद हातात धरला आणि वाचता येईना. तेव्हा तो बाजूला ठेवते. जे घडलं तेच सांगते. त्यातला काही भाग माझ्या चुकीचा आहे. तोही सांगणार आहे. अक्कांनी एकदा मला चार माणसांत तो सांगायला लावला होता. आज कुणी सांगायला लावलेलं नाही, तरी सांगते.

बरेच जण मला ओळखत नसतील. मी सुजाता. गाव निपाणी. अकरा वर्षं झाली बेंगळुरूत येऊन. महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत काम करते. तुमच्या मोबाइलवर अक्षरं कशी दिसावीत, बटण कुठं असावं, असलं ते काम. अक्कांची मी नात्यातली नाही. या शहरात चारशे वर्षं मुरलेल्या तुमच्या मराठी घरांपैकीही नाही. पण गेली सहा वर्षं माझा शनिवार अक्कांचा होता. सकाळी मेट्रो पकडायची, मॅजेस्टिकला बदलायची, मल्लेश्वरमला उतरायचं, आणि त्यांचा जिना चढायचा.

तो जिना मी पहिल्यांदा चढले ते पाटी वाचून. टंकलेखन. कन्नड, इंग्रजी, मराठी. मराठी हा शब्द बघून पाय थांबले. वर गेले तर एका खोलीत तीन टाइपरायटर. दोन झाकलेले. तिसऱ्यासमोर अक्का, चष्मा कपाळावर, काहीतरी टाइप करताहेत.

"काय करून पाहिजे?" वर न बघता विचारलं.

"काही नाही अक्का. बघायला आले."

"बघायला? हा काय सिनेमा आहे? बैस. नाव काय तुझं? टाइप कर."

मी माझं नाव टाइप केलं. तीन अक्षरांत दोन चुका. त्यांनी कागद काढला, बघितला, आणि म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. आता परत." त्या दिवशी मी माझं नाव चाळीस वेळा टाइप केलं असेल. घरी निघताना माझी बोटं दुखत होती आणि मी हसत होते.

अक्का कोण होत्या, हे मी तुम्हाला काय सांगू? तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या लग्नपत्रिकेचा मजकूर त्यांनी टाइप केलाय. नवरा लवकर गेला. मोहनअण्णा तेव्हा शाळेत. कन्नड आणि इंग्रजी टाइप करणारे या शहरात गल्लीगल्लीत होते. मराठीचं मशीन कुणाकडं नव्हतं. अक्कांनी ते मिळवलं, स्वतः शिकल्या, आणि पुढं चाळीस वर्षं बेंगळुरूत मराठीत काही टाइप करायचं म्हणजे तुंगाक्का. मंडळाचे अर्ज, नाटकाच्या संहिता, साताऱ्याच्या भाऊबंदांना जमिनीची पत्रं, मुलींची स्थळं. सगळं त्या एका टेबलावरून गेलं.

मला मात्र त्यांच्या कामापेक्षा त्यांच्या मशीनचं अक्षर जास्त आवडलं. खरं सांगते. मी त्यासाठीच पुन्हा पुन्हा जात होते.

स्वल्प, थोडंसंच, त्या अक्षराबद्दल बोलू द्या. कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

आपण हातानं लिहितो तेव्हा र छोटा येतो, अ रुंद येतो. टाइपरायटरवर तसं नाही. कुठलीही की मारा, रोलर तेवढाच सरकतो. म्हणून र बिचारा हातपाय पसरून बसलेला असतो आणि अ अंग चोरून. अक्का म्हणायच्या, "माझ्या मशीनवर कुणी थोरला नाही, कुणी धाकटा नाही. सगळ्यांना जागा सारखी." म, ग, प ही अक्षरं तर मशीनवर अर्धीच. पुढं काना मारला की पूर्ण होणार. म्हणजे सगळ्यात जास्त मार कान्यानं खाल्लेला. त्यांच्या मशीनचा काना झिजून थोडा खाली बसला होता. ळ चा उजवा गोळा फुटलेला. मात्रा कधी अक्षरावर नीट बसायची, कधी शेजारच्या घरात डोकावायची.

पण वाचायला किती सोपं! अक्षराअक्षरात मोकळी हवा. ओळीवर बोट ठेवून म्हातारं माणूस वाचू शकतं. दोन ओळींच्या मध्ये पेन्सिलीनं दुरुस्ती करता येते. नाटकवाले सांगायचे, अक्कांनी टाइप केलेलं पान किती मिनिटांचं होणार ते न वाचता सांगता येतं, कारण प्रत्येक पानावर मजकूर तेवढाच. दिसायला ते अक्षर साधं, थोडं ओबडधोबड. पण ते बघितलं की वाटायचं, हे कुणीतरी बसून, एकेक करून उमटवलंय.

मी अक्कांना म्हटलं, "अक्का, हे मशीन एक दिवस बंद पडेल. हे अक्षर मी कॉम्प्युटरवर करू का? फॉन्ट म्हणतात त्याला. मग कुणालाही वापरता येईल."

"माझा फुटका ळ कुणाला पाहिजे?"

"मला पाहिजे."

दोन वर्षं लागली. त्या टाइप करायच्या, मी कागद मोठा करून अक्षरं काढायची. त्या चुका दाखवायच्या. आणि अशाच एका शनिवारी ठ्ठ आला. विठ्ठल मधला ठ्ठ. मशीनवर जोडाक्षरं थोडीच असतात, तुम्हाला माहीत असेल. हा ठ्ठ अक्कांच्या मशीनवर नव्हता. त्या आधी पाय मोडलेला ठ मारायच्या आणि पुढं दुसरा ठ. विठ्ठल असा दोन ठ शेजारीशेजारी उभे करून लिहायच्या. मला ते बरं दिसेना. मी एकाखाली एक असा छान ठ्ठ काढला. कान्याची झीज, शाईचा डाग, सगळं त्या मशीनसारखंच.

अक्कांनी बघितला. "सुंदर आहे. पण हे माझ्या मशीनवर नाही."

"असतं तर असंच असतं, अक्का."

"असतं तर. नाही ना? तू घातलंस तर घाल. माझं म्हणून सांगू नको."

मी घातला. आणि कुठं सांगितलंही नाही की हा माझा आहे.

फॉन्टला मी नाव दिलं तुंगा. इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवला. आणि तो चालला, मंडळी. लोकांना जुनी गोष्ट आवडते. कुणी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर घेतला, कुणी लग्नपत्रिकेवर. इथल्याच एका कॉफीच्या दुकानात फळ्यावर खाण्याचे पदार्थ त्या अक्षरात लागले. मी अक्कांना दाखवायला घेऊन गेले. त्यांनी पूर्ण यादी वाचली आणि मालकाला बोलावून विचारलं, "पोह्यात ह कुठं गेला?" पण बाहेर आल्यावर म्हणाल्या, "माझं अक्षर कॉफी पितंय. बरंय." खूश होत्या. मीही होते. माझ्या ऑफिसात मी त्यावर भाषण दिलं. टाळ्या मिळाल्या. जुन्या कागदाचा हुबेहूब भास, असं मी स्वतः मोठ्या तोंडानं सांगितलं होतं. हुबेहूब. हा माझा शब्द.

आता दुसरी बाजू.

भागीरथीबाई इथं तिसऱ्या रांगेत बसल्यात. त्यांना विचारून हे सांगतेय. चिकपेटच्या एका गल्लीत त्यांचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. आधी त्यांचे पती विठ्ठलराव तिथं कपडे शिवायचे. ते गेल्यावर बाई बसू लागल्या. दुकानाची जागा भाड्याची. मालकही मराठी घरातले, वयस्कर, सज्जन. दोन घरांचा तीन पिढ्यांचा घरोबा. पण मालक आजारी पडले आणि कारभार त्यांच्या पुतण्याकडं आला. त्याला ती जागा रिकामी हवी होती.

एक दिवस तो पुतण्या अक्कांचा जिना चढून आला. हातात प्लॅस्टिकच्या पाकिटात एक पिवळा पडलेला कागद. मराठीत टाइप केलेला. त्यात विठ्ठलरावांच्या नावानं लिहिलेलं की माझ्यानंतर माझ्या घरच्यांचा या जागेवर काही हक्क राहणार नाही, जागा मालकांना परत द्यावी. खाली सही.

"अक्का, हे तुमच्याकडं केलेलं ना? तेव्हा मराठी टाइप दुसरीकडं कुठं होतं? तुम्ही फक्त हो म्हणा. उद्या वकिलांकडं बसायचंय."

अक्कांनी कागद बघितला. झिजलेला काना. फुटका ळ. त्यांचंच अक्षर. आईला लेकराची पाठ ओळखता येते तसं त्यांना ते ओळखता आलं. पण मंडळी, त्यांना तो मजकूर आठवेना. आठवत नाही म्हणजे आपलं वय झालं, असं त्या म्हणू शकल्या असत्या. हो म्हणून मोकळ्या झाल्या असत्या. त्यांनी काय केलं? कागद पाकिटातून बाहेर काढला, उलटा केला, आणि पाठीवरून बोट फिरवलं.

पाठ गुळगुळीत.

टाइपरायटरचा खिळा, म्हणजे धातूचं अक्षर, कागदावर आपटतो. पाठीमागं उठाव येतोच. पूर्णविरामाचं टिंब तर कधी कधी कागदाला भोक पाडतं. इथं काही नाही.

त्यांनी कागद परत दिला. म्हणाल्या, "अक्षर माझं आहे. कागद माझा नाही."

पुतण्या हसला म्हणे. म्हणाला, "अक्का, तुम्हाला आठवत नसेल."

"उद्या मी येते," अक्का म्हणाल्या. "तिथंच सांगते."

तो जिना उतरला आणि मला फोन आला. मी ऑफिसात होते. अक्का फोनवर कधी लांब बोलायच्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "सुजाता, माझं अक्षर माझ्याशिवाय कुठंतरी जाऊन आलंय. ये."

मी गेले. त्यांनी सगळं सांगितलं. मला कळायला वेळ लागला नाही. तो कागद प्रिंटरवर काढलेला होता. माझ्या फॉन्टमध्ये. जुना कागद कुठंतरी मिळतो, चहाच्या पाण्यात बुडवला की आणखी जुना होतो. आणि जुनं अक्षर? ते मी फुकट ठेवलं होतं. हुबेहूब.

मी रडायला लागले. म्हटलं, अक्का, आत्ताच्या आत्ता काढून टाकते इंटरनेटवरून.

"ते नंतर. रडणं पण नंतर. आधी तिचं दुकान."

आता मी तुम्हाला माझी लाजेची गोष्ट सांगते. मी त्यांना म्हटलं, "अक्का, तुम्ही सांगा ना उद्या. तुम्हाला सगळे मानतात. तुम्ही म्हणालात की हा कागद खोटा, तर पुरे आहे. माझं नाव नको यायला." मला भीती वाटली होती. ऑफिसात कळेल. लोक म्हणतील, हिच्या फॉन्टनं खोटी कागदपत्रं होतात. मी टाळ्या घेतल्या होत्या, आता शिव्या कोण घेणार?

अक्का रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी सांगितलं तर म्हातारी विसरली म्हणतील," त्या म्हणाल्या. "तू केलंयस. कसं केलंस ते तुलाच माहीत. तू सांगितलंस तरच त्यांना पटणार. आणि मी एकटी गेले अन् नाही पटलं, तर बाई रस्त्यावर. तुझं नाव मोठं का तिचं दुकान?"

दुसऱ्या दिवशी मी आणि मोहनअण्णांनी ते मशीन उचलून खाली आणलं. रिक्षावाल्यानं विचारलं, हार्मोनियम आहे का? अक्का म्हणाल्या, "हो. आज गाणं आहे."

वकिलांच्या ऑफिसात दोन्हीकडचे वकील, भागीरथीबाई आणि त्यांची मुलगी, तो पुतण्या, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत शाल पांघरून स्वतः मालक. आजारी होते, तरी आले होते. अक्कांनी मशीन टेबलावर ठेवायला लावलं. कागद चढवला. म्हणाल्या, "ते पत्र वाचा. हळू वाचा. मी टाइप करते."

तेव्हा त्या शहात्तर वर्षांच्या होत्या. बोटं वाकडी झाली होती. पण पंधरा-वीस ओळी त्यांनी एका चुकीशिवाय टाइप केल्या.

मग दोन्ही कागद शेजारी ठेवले. अक्कांनी बोलायला माझ्याकडं हात केला.

मी उभी राहिले. म्हटलं, "माझं नाव सुजाता. या पिवळ्या कागदावरचं अक्षर मी तयार केलंय. चार वर्षांपूर्वी हे जगात नव्हतं. विठ्ठलराव गेले त्याला किती वर्षं झाली, ते तुम्हीच सांगा."

मग दाखवलं. अक्कांच्या कागदावर जितके ळ होते, तितक्या तऱ्हा होत्या. फुटके सगळेच. पण कुठं शाई जास्त, कुठं कमी, कुठं गोळा अर्धा, कुठं नुसती रेघ. कारण दर वेळी बोटाचा जोर वेगळा, रिबन वेगळ्या जागी. आणि त्या पिवळ्या कागदावर? सगळे ळ सारखे. एकाच जागी, एकसारखे फुटलेले. मीच एक काढला होता, तोच सगळीकडं बसला होता.

पुतण्या म्हणाला, "त्या काळी दुसऱ्या मशीनवर केलं असेल."

अक्कांनी शांतपणे विचारलं, "मग माझा फुटका ळ त्या मशीनवर कसा गेला?"

पण त्याचे वकील म्हणाले, हे सगळं शाई नि जोरावरचं नुसतं मत आहे, यावर वाद घालता येईल.

तेव्हा अक्कांनी बोट ठेवलं. विठ्ठल या नावावर. त्यांच्या कागदावर दोन ठ शेजारीशेजारी, पहिल्याचा पाय मोडलेला. पिवळ्या कागदावर एकाखाली एक असा सुंदर ठ्ठ. माझा ठ्ठ.

"हे अक्षर माझ्या मशीनवर नाही," अक्का म्हणाल्या. "शोधा. एकेक की दाबून बघा. विठ्ठल जन्मभर माझ्याशी यावरून भांडायचा. म्हणायचा, अक्का, तुम्ही माझ्या नावाचा पाय मोडता. मी म्हणायची, बाबा, माझ्या मशीनला तेवढंच येतं. त्याच्या स्वतःच्या पत्रात मी त्याचा पाय जोडून दिला असता, तर तो पेढे घेऊन आला असता!"

कुणीतरी हसलं. भागीरथीबाई रडायला लागल्या. आणि कोपऱ्यातून मालक उठले. हळूहळू टेबलापाशी आले. पिवळा कागद उचलला, घडी घातली, खिशात टाकला. पुतण्याकडं बघितलंही नाही. म्हणाले, "भागीरथी, जा. दुकान उघड. गिऱ्हाइकं थांबली असतील."

एवढंच झालं. ना पोलीस, ना कोर्ट. दुकान आज चालू आहे.

तुम्हाला वाटेल, मग भागीरथीबाईंनी मला मिठी मारली असेल. नाही. त्या आठ महिने माझ्याशी बोलल्या नाहीत. बरोबर होतं त्यांचं. एकदा अक्कांच्या खोलीवर भेट झाली तेव्हा म्हणाल्या, "तू उभी राहिलीस ते चांगलं केलंस. पण आधीच विचार करायला पाहिजे होता." मी म्हटलं, हो. आजही तेच म्हणते.

मला फॉन्ट बंद करायचा होता. अक्का नको म्हणाल्या. "ज्यांनी घेतलाय त्यांच्याकडं तो आहेच. तू दार लावून घरात बसलीस तर त्यांना काय फरक पडणार? आणि त्या नाटकाच्या पोरांनी काय घोडं मारलंय? दुरुस्त कर."

"दुरुस्त कसा करू?"

"नकल आहे तर नकल आहे म्हणून सांगेल, असा कर."

महिनाभर आम्ही त्यावर डोकं लढवलं. शेवटी वाट त्यांनीच काढली. पूर्णविराम. "असा कुठला कागद आहे ज्यात टिंब येत नाही?" नव्या फॉन्टचं टिंब भरीव नाही, मंडळी. पोकळ आहे. बारीक कडं. कुठल्याच मराठी मशीनवर असं टिंब नव्हतं, असं त्या ठासून सांगायच्या, आणि त्यांनी हाताळलेली मशीनं थोडी नव्हती. वाचताना त्रास होत नाही. पण एकदा माहीत झालं की दिसल्याशिवाय राहत नाही. ठ्ठ मी काढला नाही. अक्काच म्हणाल्या, राहू दे, चांगला आहे. पण आता फॉन्टसोबत एक पान जातं. त्यात लिहिलंय की कुठलं अक्षर मशीनचं आणि कुठलं सुजाताचं. आणि जुन्या फॉन्टमधला कागद कसा ओळखायचा, तेही सगळं अक्कांनी सांगितलेलं. पाठीवरून बोट फिरवा. दोन सारखी अक्षरं शोधा. जोडाक्षरं बघा.

त्यामुळं सगळी लबाडी थांबेल का? नाही थांबणार. अक्कांनाही माहीत होतं. "आपण आपल्या वाटचं करायचं," एवढंच म्हणायच्या.

गेल्या दोन वर्षांत सात जण जुने कागद घेऊन त्यांच्याकडं आले. कन्नडमधलेही. पाच कागद खरे होते. खरा असला की अक्कांना केवढा आनंद व्हायचा! माणसाला परत बोलावून सांगायच्या, "घे, तुझ्या बापानं खरंच लिहिलंय हे." एक माणूस तिथंच पायऱ्यांवर बसून रडला. कागद खरा आहे हे सांगणारं कुणीतरी लागतं, मंडळी. खोटा पकडणाऱ्याइतकंच लागतं.

शेवटच्या शनिवारी आमचं झ वरून भांडण झालं. त्यांना दिसत नव्हतं नीट. मी हाताएवढी अक्षरं छापून नेली होती. त्या म्हणाल्या, झ ची शेपटी जास्त वळलीय. मी म्हटलं, नाही वळली. "पुढच्या वेळी कागद आण, दाखवते," म्हणाल्या. बुधवारी सकाळी मोहनअण्णांचा फोन आला. नाश्ता करून खुर्चीत बसल्या होत्या. तशाच गेल्या.

झ ची शेपटी मी काल कमी केली. बरोबर त्यांचंच होतं.

आता दोन गोष्टी सांगून थांबते. एका मोठ्या कंपनीनं विचारलं होतं की तुंगा हा फॉन्ट फक्त आम्हाला द्या, दुसऱ्या कुणाला नको. मी त्यांना नाही म्हणून कळवलंय. तो सगळ्यांचा राहील. पोकळ टिंबासकट राहील.

दुसरी. अक्कांची खोली बंद होणार नाही. मोहनअण्णा आणि पद्मावहिनींशी माझं बोलणं झालंय. मशीन तिथंच राहील. दर शनिवारी सकाळी दहा ते एक मी तिथं बसणार. ज्याला मराठी टाइप शिकायचंय त्यानं यावं. ज्याच्याकडं जुना कागद आहे, मनात शंका आहे, त्यानं यावं. मला अक्कांइतकं कळत नाही. चुकेन. पण बसणार. ऑफिसात सांगून ठेवलंय की शनिवारी मला बोलवू नका. आणि कुणी विचारलं की तो खोटा कागद तुझ्याच फॉन्टमध्ये झाला होता ना, तर हो म्हणणार. लपवणार नाही. ते लपवलं तर त्या खुर्चीत बसायचा मला काय अधिकार?

मी एकटी पुरणार नाही. तुमच्यातल्या कितीजणांना अक्कांनी टाइप करायला शिकवलंय, मला माहीत आहे. दाराजवळच्या टेबलावर एक वही ठेवलीय. महिन्यातला एक शनिवार ज्याला देता येईल त्यानं जाताना नाव लिहा. रडू येत असेल तर रडत लिहा. पण लिहा.

आता सगळे उठूया. दोन मिनिटं कुणी बोलू नका. मोबाइल बंद करा. ज्याला अक्कांची जी आठवण येईल ती येऊ द्या.

अक्का, आम्ही उभे आहोत. नमस्कार घ्या.